पांढरा पट्टा

तायक्वांदो हा कोरिया देशातून आलेला खेळ आता आपल्याला नवा राहिलेला नाही. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये तो खेळला जातो. मोठ्या शहरांत त्याचे वर्ग गल्लोगल्ली दिसतात. आटगावसारख्या गावातील मुलामुलींनाही आपण तो शिकावा असे वाटते. पण घरी विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मारामारी शिकून काय करणार?"

हा प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांवर रुसू नका. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत बहुतेक घरांचे पोट शेतीवर, मजुरीवर किंवा गाडीने रोज जाऊन-येऊन केलेल्या नोकरीवर चालते. तिथे दरमहा फी द्यायची, तर तिचा उपयोग विचारणे योग्यच आहे. माझे मत विचाराल, तर मी म्हणेन की जरूर शिका. मात्र आपण काय शिकायला जात आहोत, हे आधी समजून घ्या.

'ते' म्हणजे पाय, 'क्वॉन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. पाय आणि मूठ वापरण्याचा मार्ग तो तायक्वांदो. ही कला हजारो वर्षांची जुनी आहे असे काही जण मोठ्या अभिमानाने सांगतात. ते तितकेसे खरे नाही. कोरियावर १९१० पासून जपानची सत्ता होती. १५ ऑगस्ट १९४५ रोजी ती संपली. (तारीख पाहा, आपल्या स्वातंत्र्याच्या बरोबर दोन वर्षे आधी!) त्यानंतर सोल शहरात लढण्याची कला शिकवणाऱ्या अनेक शाळा पुढे आल्या. त्यांतील कित्येक शिक्षक जपानी कराटे शिकलेले होते. कोरियात 'तेक्क्यॉन' नावाचा पायांनी खेळायचा जुना खेळही होता. १९५५ मध्ये तायक्वांदो हे नाव पुढे आले आणि हळूहळू या शाळा एका नावाखाली आल्या. म्हणजे या कलेचे आजचे रूप आपल्या आजोबांच्या वयाचे आहे. त्यामुळे तिची किंमत कमी होते असे मला वाटत नाही. स्वतंत्र झालेल्या एका गरीब देशाने ती घडवली आणि २००० साली सिडनीच्या ऑलिम्पिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून नेऊन बसवली.

"आपली कुस्ती असताना परदेशी खेळ कशाला?" असेही कोणी विचारेल. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, हे आपण विसरू नये. गावात तालीम असेल आणि वस्ताद शिकवत असतील, तर खुशाल कुस्ती शिका. खरे तर दोन्हींची सुरुवात सारखीच असते. तालमीत नवा मुलगा आधी माती उकरतो, जोर-बैठका काढतो. डाव नंतर येतात. तायक्वांदोतही पहिले कितीतरी दिवस उभे कसे राहायचे, मूठ कशी वळायची, गुडघा कसा उचलायचा एवढेच असते. हाना, दुल, सेत, नेत असे कोरियन आकडे म्हणत तीच लाथ शंभर वेळा मारायची. ज्याला पहिल्याच दिवशी उडी मारून लाथ हाणायची असते, तो पंधरा दिवसांत कंटाळून घरी बसतो.

वर्गात शिरताना आणि सरावाच्या आधी वाकून अभिवादन करतात. त्याने बुजून जाऊ नका. आपल्याकडे नमस्कार किंवा आदाब करतात, तसाच हा कोरियन लोकांचा रिवाज आहे. आपण ज्याच्याबरोबर सराव करणार, त्याला इजा करणार नाही, असे त्यातून सांगायचे असते. स्पर्धेचे नियमही तसेच आहेत. छातीला व डोक्याला संरक्षक साधने असतात. कमरेखाली लाथ मारायची नाही आणि चेहऱ्यावर ठोसा मारायचा नाही.

आता पट्ट्यांविषयी. नवशिक्याला पांढरा पट्टा मिळतो. पुढे पिवळा, हिरवा, निळा, लाल आणि शेवटी काळा. प्रत्येक पट्ट्याची परीक्षा असते आणि परीक्षेची फी असते. नेमकी इथेच फसवणूक होऊ शकते. बहुतेक ठिकाणी काळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचायला नियमित सरावाची तीन-चार वर्षे लागतात. कोणी "सहा महिन्यांत काळा पट्टा देतो" म्हणाला, तर तो पट्टा विकतो आहे असे समजा. मासिक फी किती, परीक्षेची किती, पोशाखाचा खर्च किती, हे पहिल्याच दिवशी वडिलांना विचारायला लावा. चांगला शिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. पैसे भरण्याआधी दोन दिवस बाजूला बसून सराव पाहू द्या, अशी विनंतीही करा. शिक्षक लहान मुलांशी कसे बोलतात, चुकलेल्याला मारतात की समजावतात, हे तेवढ्यात कळते.

मुलींनो, हा खेळ तुमचाही आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये इराणच्या किमिया अलीझादेहने डोक्यावर रुमाल बांधून, त्यावर शिरस्त्राण घालून कांस्यपदक जिंकले. ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली इराणी स्त्री ठरली. आपल्या हरियाणाची अरुणा तंवर टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये २०२१ साली तायक्वांदो खेळली. अफगाणिस्तानला तर ऑलिम्पिकचे पहिले पदक याच खेळात, २००८ साली, रोहुल्ला निकपाईने मिळवून दिले. ज्या देशांकडे मोठी मैदाने आणि महागडी साधने नाहीत, त्यांना हा खेळ जवळचा का वाटतो, ते यावरून दिसते. सरावाला एक सपाट जागा पुरते.

सपाट जागा मात्र कोरडी हवी. आपल्या भागात पावसाळ्याचे चार महिने उघड्यावर सराव होत नाही. त्यातच आवणीच्या दिवसांत घरच्यांना तुमच्या हातांची गरज असते. त्या दिवसांत वर्ग बुडाला तर वाईट वाटून घेऊ नका. ओटीवर दहा मिनिटे गुडघे उचलण्याचा सराव केला तरी पाय विसरत नाहीत.

जवळपास वर्ग नसेल, तर आसनगावला किंवा शहापूरला जावे लागेल. आसनगाव गाडीने एकच स्थानक आहे, पण परतीच्या गाड्या थोड्या असतात. म्हणून सोबत गावातील दोघे-तिघे असावेत. नखे कापलेली, पाण्याची बाटली बरोबर आणि पहिले काही दिवस साधी सैल पँट एवढे पुरे. परत येणारी गाडी कोणती, ते घरी सांगून निघा.