स्प्रिंगची वही कोण ठेवतो?

बेळगावच्या जुन्या मराठी घरांना फौज नवी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर कसम परेड पाहायला आपण पिढ्यान्‌पिढ्या जातो. सुट्टीवर आलेल्या जवानाला मंडळातर्फे शाल-श्रीफळ देतो, भाषणे करतो. त्याच्या हातातल्या रायफलबद्दल मात्र आपण एक अवाक्षर काढत नाही. तो सरकारचा विषय, असे म्हणून मोकळे होतो. हे मौन आता सोडले पाहिजे.

इन्सास रायफलचेच उदाहरण घ्या. तिचे आरेखन पुण्यात पाषाणच्या ए.आर.डी.ई. संस्थेत झाले, उत्पादन ईशापूर, तिरुचिरापल्ली आणि कानपूरच्या कारखान्यांत. 1999 च्या कारगिल युद्धात तिच्याबद्दल तक्रारी आल्या. थंडीत प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे जात, तेल उडून डोळ्यांत येई, तीन गोळ्यांच्या फेऱ्यावर ठेवलेली रायफल तीनवर थांबत नसे. ऑगस्ट 2005 मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यातील पिली येथील लष्करी तळावर माओवाद्यांनी हल्ला केला, 43 जवान ठार झाले. नेपाळी सेनेने दोष इन्सासला दिला. आपल्या बाजूने उत्तर गेले की वापर नीट झाला नसावा.

हे उत्तर ओळखीचे आहे. हत्यार अडले की पहिले बोट जवानाकडे. "साफ केली नसेल!" कधी कधी ते खरेही असते, नाही म्हणत नाही. पण अमेरिकेनेही व्हिएतनाममध्ये आधी हेच केले. एम-16 चेंबरमध्ये रिकामी पुंगळी अडकून बंद पडत होती आणि ठपका सैनिकांवर येत होता. 1967 साली त्यांच्या संसदेच्या उपसमितीने चौकशी केली तेव्हा निघाले काय? काडतुसातली दारू बदलली होती, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि सफाईचे साहित्यसुद्धा पुरेसे पोहोचले नव्हते.

आता मुद्द्याचे. रायफलची नळी किंवा दस्ता सहसा दगा देत नाही. दगा देतात ते आतले बारीक तुकडे. पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर म्हणजे नखाएवढा पोलादी आकडा. त्याची कडा झिजली किंवा मागची स्प्रिंग बसली, तर पुंगळी चेंबरमध्येच राहते, मागून येणारी गोळी तिच्यावर आपटते आणि रायफल ठप्प. फायरिंग पिनचे टोक मोडले तर घोडा पडतो, आवाज होत नाही. घोडा अडवून धरणाऱ्या खटक्याची धार गोल झाली तर उलटे होते: चाप सोडला तरी रायफल थांबेलच असे नाही. मॅगझिनची स्प्रिंग थकली तर गोळी वेळेवर वरच चढत नाही. यातला एकही तुकडा बाहेरून दिसत नाही. परेडवर सगळ्या रायफली सारख्याच चकाकतात.

आपल्या उद्यमबागेतल्या कोणत्याही कारागिराला विचारा, हे तो दोन मिनिटांत सांगेल. मशीनवरचे टूल मोडेपर्यंत तो वाट पाहत नाही. इतके पीस झाले की बदलतो. स्प्रिंगलाही आयुष्य असते आणि ते वर्षांत नव्हे, किती वेळा दबली यात मोजायचे असते. तोफेच्या नळीतून किती गोळे गेले याची वही तोपखाना ठेवतो. मग रायफलमधून किती गोळ्या गेल्या, एक्स्ट्रॅक्टर कधी बदलला, याची वही प्रत्येक पलटणीत आहे का? आणि वही असली तर बदलायचा तुकडा कोतात आहे का? आर्मरर कितीही हुशार असो, रिकाम्या डब्यातून तो स्प्रिंग काढणार कुठून?

काही मित्र म्हणतात, "इन्सास गेली की प्रश्न मिटला." फेब्रुवारी 2019 मध्ये अमेरिकी सिग कंपनीशी 72,400 रायफलींचा करार झाला. डिसेंबर 2021 मध्ये ए.के.-203 च्या सहा लाखांहून अधिक रायफलींचा करार झाला, त्या अमेठीजवळ कोरव्याला बनतात. चांगली गोष्ट आहे. पण कलाश्निकोव्ह झाली म्हणून तिच्या स्प्रिंगा अमर नसतात. उलट, परदेशी रायफलीचा दोन रुपयांचा तुकडाही परदेशातून यायचा असेल तर अडचण वाढतेच. नवी रायफल आली की मंत्री हातात घेऊन फोटो काढतात. स्प्रिंगच्या पाकिटाबरोबर कोणी फोटो काढत नाही, म्हणून त्या खरेदीची बातमीही होत नाही आणि चौकशीही.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त सुभेदार एवढेच म्हणाले, "अहो, गस्तीवर निघताना आम्ही चाप दोनदा दाबून बघायचो. विश्वास नव्हता असं नाही. सवय होती." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र ती सवय ऐकून झोप लागली नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी मागणी आहे. बेळगाव आणि चिक्कोडीच्या खासदारांना, तसेच खानापूरकरांचे म्हणून उत्तर कन्नडच्या खासदारांना मंडळाने लेखी पत्र द्यावे. लोकसभेत तीनच प्रश्न विचारावेत: नव्या रायफलींबरोबर किती वर्षांचे सुटे भाग घेतले, त्यातले किती भारतात बनतात, आणि ते किती गोळ्यांनंतर बदलायचे हे ठरवून कोण तपासतो. भाषिक हक्कांच्या पत्रांना उत्तर न येण्याची आपल्याला सवय आहे, तरी हे पत्र जाऊ द्या. सेंटरवरून पुढची तुकडी बाहेर पडायच्या आत ते टपालात पडावे.