उजनीचे शेवाळ पुण्यातच वाढवा

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका यांस,


उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी हिरवे होते आणि सोलापूरकर पुण्याच्या नावाने बोटे मोडतात. त्यांचा राग रास्त आहे. आपले मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ आणि जलपर्णी पोसतात.

जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून रोज एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचे ११ मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प उभे राहिले, तरी एवढ्याने प्रश्न सुटेल असे नाही. नेहमीची प्रक्रिया मुख्यतः सेंद्रिय घाण कमी करते. नत्र-स्फुरद काढण्याची खास सोय नसेल, तर ते नितळ पाण्यातूनही नदीत उतरते. म्हणजे शेवाळ वाढणारच. कुठे वाढू द्यायचे, ते मात्र आपण ठरवू शकतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम ओस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकातच शेवाळाकडून मैलापाणी शुद्ध करून घेण्यावर काम सुरू केले होते. फूटभर खोलीचे उथळ तलाव, त्यात चाकाने फिरते ठेवलेले पाणी. शेवाळाने सोडलेल्या प्राणवायूवर जिवाणू घाण कुजवतात, जिवाणूंचा कार्बन डायऑक्साइड शेवाळ घेते आणि वाढता वाढता नत्र-स्फुरदही शोषते. स्पेनमधील चिक्लाना गावात अशा शेवाळाच्या बायोगॅसवर मोटारी चालवून दाखवल्या आहेत.

अडचणीही आहेत. पाणी आधी गाळून, निवळून घ्यावे लागते. गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही आणि अमोनिया फार झाला तर शेवाळच मरते. खरी डोकेदुखी काढणीची. लिटरमागे शेवाळ जेमतेम ग्रॅमभर, बहुधा त्याहून कमीच, आणि पेशी इतक्या बारीक की सहजी तळाला बसत नाहीत. शिवाय जागा भरपूर लागते आणि पावसाळी ढगांत वाढ मंदावते.

म्हणून साऱ्या शहराचे पाणी अशा तलावांत सोडा, असे मी म्हणत नाही. एका शुद्धीकरण प्रकल्पाच्या आवारात एक तलाव बांधा आणि पावसाळा धरून वर्षभर चालवा. आत येणारे आणि बाहेर जाणारे नत्र-स्फुरद, काढणीचा खर्च, लागलेली वीज यांचे आकडे दरमहा जाहीर करा. निघालेल्या शेवाळातले जड धातू तपासा. ते निर्धोक ठरले तरच खत करा, एरवी बायोगॅसचा विचार करा. शेवाळापासून बायोडिझेल काढण्याची स्वप्ने तूर्त नकोत.

प्रयोग फसला तर नुकसान एका तलावाचे. साधला, तर भीमाकाठच्या ज्या गावांकडे जागा आहे पण महागड्या यंत्रणेला पैसा नाही, त्यांना वाट मिळेल. येत्या अंदाजपत्रकात यासाठी तरतूद करावी, ही विनंती.

आपला,
एक पुणेकर करदाता