नोंदवहीवर भिस्त ठेवण्यापूर्वी

लैंगिक गुन्ह्यांबद्दल शिक्षा झालेल्या इसमांची देशव्यापी नोंद ठेवण्याचे काम केंद्रीय गृहमंत्रालयाने २० सप्टेंबर २०१८ रोजी आरंभिले, तिचे दफ्तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या स्वाधीन केले, आणि नाव, पत्ता, छायाचित्र व बोटांचे ठसे अशा तपशिलांसह चार लाख चाळीस हजारांच्या आसपास नोंदी प्रारंभीच तीत दाखल झाल्या. तेव्हापासून पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील पाळकवर्ग, शब्बाथशाळांचे शिक्षक आणि वसतिगृहांचे व्यवस्थापक यांच्या मनात एक प्रश्न वारंवार उभा राहतो, व तो आमच्यापाशी बोलूनही दाखविला जातो: ही यादी मंडळीला पाहावयास मिळेल काय, आणि मिळाली तर आपल्या मुलाबाळांच्या रक्षणाची चिंता पुष्कळशी मिटणार नाही काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ नकारार्थी आहे. ही नोंद पोलीस व तपासयंत्रणा यांच्यापुरतीच खुली असून पाळक, मुख्याध्यापक, पंच वा पालक यांपैकी कोणालाही ती उघडून पाहता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही आमच्या मते नकारार्थीच आहे, आणि ते का, हे थोडे विस्ताराने मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते; कारण यादीच्या आशेवर विसंबलेली मंडळी, कायद्याने तिच्यावर प्रत्यक्ष टाकलेल्या कर्तव्याकडे पाठ फिरवून बसते, असे आमच्या दृष्टीस पडत आहे.

अमेरिकेत याहून निराळी वाट धरली गेली. न्यू जर्सी राज्यात १९९४ साली मेगन नावाच्या सात वर्षांच्या बालिकेचा, पूर्वी अशाच गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्या शेजाऱ्याने घात केला, आणि त्या शोकातून जन्मलेल्या कायद्याने १९९६ पर्यंत साऱ्या देशात अशा इसमांची नावे व पत्ते लोकांपुढे उघडे करण्याची पद्धत रूढ केली. जॉर्जिया राज्याने तर २००६ मध्ये नोंदीतील इसमास चर्चपासून हजार फुटांच्या आत राहण्यास, आणि चर्चमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करण्यासही मनाई केली. तिला न्यायालयात आव्हान मिळाले, आणि २०१० साली विधिमंडळाला तो कायदा पुष्कळ सौम्य करावा लागला. आपल्याकडे सुटून आलेल्या इसमाने स्वतः ठाण्यात जाऊन वर्षानुवर्षे आपला ठावठिकाणा कळवीत राहावे, असे बंधन सरसकट नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५६ अन्वये, ठरावीक गंभीर गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झालेल्या माणसास सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीत आपला राहता पत्ता कळविण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकत असे, व त्याच आशयाची तरतूद नव्या संहितेतही कायम आहे; परंतु तिचा आधार घेतला गेल्याचे क्वचितच ऐकू येते.

नोंद गुप्त राहावी, याच पक्षाचे आम्ही आहोत, आणि त्याला या भूमीतीलच एक कारण आहे. १८७१ च्या व पुढे १९११ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने पारधी व इतर अनेक जमातींची माणसे, कोणताही अपराध शाबीत झालेला नसताना, केवळ जन्माच्या आधारे सरकारी नोंदवहीत चढविली गेली. त्यांना पाटलापुढे वा ठाण्यात हजेरी द्यावी लागे, दाखल्यावाचून गावाची शीव ओलांडता येत नसे, आणि त्यांना कोंडून ठेवण्यासाठी उभारलेल्या वसाहतींपैकी कित्येकींचा कारभार मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी सद्‌भावनेने का होईना पत्करला होता. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्याने कपाळी मारलेला डाग मात्र घोड व भीमा यांच्या खोऱ्यांतील वस्त्यांवरून आजही पुसला गेलेला नाही. न्यायालयाने दोषी ठरविलेला इसम आणि जन्माने संशयित ठरविलेला इसम यांत आकाशपाताळाचे अंतर आहे हे खरे. तथापि गावात यादी फिरू लागली की ती कोणाच्या दारावर प्रथम चिकटविली जाते, हे या जिल्ह्याच्या पूर्व भागात सेवा केलेल्या कोणाही पाळकास सांगावयास नको. संशय परक्यावर, गरिबावर, कंत्राटी नोकरावर आधी जातो. प्रतिष्ठितावर शेवटी जातो, आणि पुष्कळदा जातच नाही.

आणि खरा धोका तर तेथेच असतो. मडगाव येथे 'गुरुकुल' या नावाने अनाथ मुलांचा आश्रम चालविणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला जाईपर्यंत गोव्यात अनाथांचा कैवारी म्हणून मान मिळवून होता. १९९६ साली त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली. मुंबईत कुलाब्याच्या 'अँकरेज' आश्रयगृहासंबंधीची फिर्याद २००१ मध्ये दाखल झाली, सत्र न्यायालयाने २००६ मध्ये दोघा ब्रिटिश चालकांस दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांस निर्दोष सोडले, आणि अखेर २०११ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पुन्हा कायम केली. म्हणजे लहान वयात सोसलेल्या अन्यायाचा निवाडा ऐकेपर्यंत ती मुले प्रौढ झाली होती. मुंबईतीलच एका धर्मग्रामाच्या धर्मगुरूस, २०१५ मध्ये एका बालकावर केलेल्या अत्याचाराबद्दल, विशेष न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरात जन्मठेप सुनावली. पहिली शिक्षा होण्यापूर्वी कोणाचेही नाव कोणत्याही यादीत नसते. ज्या माणसाला आपण मुलांच्या खोल्यांच्या किल्ल्या विश्वासाने देतो, त्याच्याविषयी जगातील कोणतीही नोंदवही त्या दिवशी आपल्याला काहीही सांगू शकणार नाही, ही गोष्ट आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी.

मग कायदा मंडळीकडून अपेक्षितो काय? १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आलेल्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाच्या, म्हणजे ज्याला आपण पॉक्सो म्हणतो त्याच्या, कलम ५ मध्ये शैक्षणिक संस्थेबरोबर धार्मिक संस्थेचाही नावानिशी निर्देश आहे: तेथील व्यवस्थापनातील वा सेवेतील माणसाने त्या संस्थेतच असा गंभीर अत्याचार केला, तर तो अधिक गुरुतर अपराध ठरतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास किमान वीस वर्षांची कैद आहे. कलम १९ सांगते की, असा अपराध घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, अथवा घडण्याची ज्याला धास्ती आहे, अशा कोणाही व्यक्तीने ते पोलिसांस कळविलेच पाहिजे. आणि सद्‌भावनेने खबर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, याची हमी तेच कलम देते. कलम २१ प्रमाणे न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड होऊ शकतो; आणि आपल्या हाताखालील माणसाने केलेला अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद व शिवाय दंड आहे. पंचमंडळाच्या बैठकीत दोन्ही कुटुंबांना समोरासमोर बसवून समेट घडवून आणण्याची जी जुनी रीत आपल्या मंडळ्यांत आहे, तिला या बाबतीत कायद्यात कोणतेही स्थान नाही. दौंडसारख्या गावात, जेथे चार कुटुंबे एकमेकांची सोयरी असतात आणि आरोप ज्याच्यावर आहे तो कोणाचा तरी मामा, कोणाचा तरी व्याही निघतो, तेथे ही रीत मोडणे किती अवघड आहे, हे आम्ही जाणतो. आणि तरीही ती मोडलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

न्यायालयांनी या कर्तव्याचा अर्थ सैल केलेला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाले, तेव्हा त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टराने माहिती असूनही पोलिसांस कळविले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरील फिर्याद रद्द केली होती, ती २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सजीव केली, आणि न कळविणे हा स्वतंत्र व गंभीर अपराध असल्याचे बजाविले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची तक्रार नोंदविण्यास विलंब झाला, २० तारखेस लोक रेल्वेमार्गावर उतरले, आणि घटना न कळविल्याबद्दल विश्वस्तांवर व मुख्याध्यापिकेवरही गुन्हा दाखल झाला.

पडताळणीविषयीचा नियम याहून थोडक्यात सांगता येईल. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांतील तिसरा नियम असा की, मुलांना निवारा देणाऱ्या वा त्यांच्याशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मुलांशी संपर्क येणाऱ्या आपल्या प्रत्येक नोकराची, मग तो कायम असो वा कंत्राटी, पोलिसांकरवी ठरावीक मुदतीने पडताळणी करून घ्यावी. नियमाचा शब्द नोकरापाशी थांबतो. शब्बाथशाळेत बिनपगारी शिकविणारा तरुण, सुट्टीतील बायबल शाळेसाठी बाहेरगावाहून आलेला गायक, मुलांना शिबिरास नेणारा गाडीवाला यांच्याविषयी तो स्पष्ट बोलत नाही. आम्ही मात्र म्हणतो की मंडळीने या साऱ्यांची पडताळणी करवून घ्यावी, आणि ती प्रथम पाळकापासून सुरू करावी. कारण पाळकाने स्वतःचा दाखला दफ्तरी ठेवल्यावर दुसऱ्या कोणाला तो मागणे अपमानाचे वाटणार नाही.

या दोन तालुक्यांतील मंडळ्यांना हे काही परके कर्तव्य नाही. शिरूर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे, तेथे मिशनची औद्योगिक शाळा होती. आणि दौंड तालुक्यातील केडगाव तर पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमुळे सर्वदूर परिचित आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगाचा कहर चालू असता, आपल्या आश्रयाखालील एका मुलीला सरकारी इस्पितळात नेल्यावर तिची अब्रू तेथे सुरक्षित राहिली नाही, अशी जाहीर तक्रार रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रातून केली. सरकारने ती नाकारली, प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गाजले, रमाबाईंना सरकारी रोष पत्करावा लागला. पण मुलीविषयी गप्प राहणे त्यांनी स्वीकारले नाही. त्यांची तक्रार सरकारी इस्पितळाविरुद्ध होती. आपल्याला ती कदाचित आपल्याच वसतिगृहाविरुद्ध, आपल्याच सहकाऱ्याविरुद्ध करावी लागेल, आणि ते अधिक कठीण आहे.

आता दुसरी बाजू. येरवड्याच्या कारागृहातून शिक्षा भोगून सुटलेला इसम एखाद्या रविवारी उपासनेस येऊन मागच्या बाकावर बसला, तर पाळकाने काय करावे? त्याला दारातून परत लोटणे आम्हांस मान्य नाही. शिक्षा भोगून संपल्यावरही ज्याला मंडळीचे दार बंद, त्याला सुधारण्याचे ठिकाण कोणते उरते? तथापि त्याचे स्वागत आणि त्याच्या हाती मुले सोपविणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि क्षमेच्या नावाखाली त्यांची गल्लत होऊ देणे हा मुलांवरील दुसरा अन्याय होय. इंग्लंडमधील चर्चांत अशा माणसाशी लेखी करार करण्याची रीत आहे, आणि ती येथे उचलण्यासारखी आहे. त्याने कोठे बसावे, कोणत्या उपासनेस यावे, मंडळीच्या आवारात असताना कोण दोघे त्याच्यासोबत राहतील, शब्बाथशाळेच्या खोल्या, वसतिगृह व सहली यांपासून त्याने सदैव दूर राहावे, हे सारे त्याच्याशी बोलून, त्याची सही घेऊन ठरवावे. ही माहिती पाळक आणि दोघा-तिघा वडीलधाऱ्यांपुरतीच राहावी. व्यासपीठावरून त्याचे नाव पुकारले जाऊ नये, किंवा पूर्वी पारध्यांना द्यावी लागे तशी हजेरी त्याच्या कपाळी येऊ नये. ज्या बालकावर अत्याचार झाला त्याचे कुटुंब त्याच मंडळीत असेल, तर मात्र करारालाही जागा नाही. त्या इसमाने दुसरी मंडळी शोधावी. आणि तो अटी झुगारील, किंवा त्याच्या वर्तनाने धास्ती वाटेल, तर ती पोलिसांस कळविणे कलम १९ प्रमाणे पाळकाचे कर्तव्यच आहे.

समुपदेशनाच्या खोलीत ऐकलेल्या गोष्टीचे काय, हा प्रश्न विशेषतः कॅथलिक बंधूंकडून येतो. पोप फ्रान्सिस यांनी ७ मे २०१९ च्या आज्ञापत्राने धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर चर्चच्या अधिकाऱ्यांस अशा गोष्टी कळविण्याचे बंधन घातले, व देशाच्या कायद्याचे पालनही सांगितले. प्रायश्चित्ताच्या संस्कारातील गुप्तता मात्र अबाधित ठेवली. आपल्या पॉक्सो कायद्यात असा अपवाद लिहिलेला नाही. संस्काराविषयी निर्णय देण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु प्रॉटेस्टंट पाळकांस आम्ही निक्षून सांगू इच्छितो की, कोणीही मनातले सांगावयास बसले की आरंभीच त्यास कळवावे: बालकाच्या छळाची गोष्ट माझ्यापाशी गुप्त राहणार नाही. हे बोलल्याने काही माणसे गप्प होतील. पण ज्या मुलाला बोलायचे आहे, त्याला बोलावे कोणापाशी हे कळेल.

एक चिंता मागे उरते. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखान्यांभोवती परप्रांतांतून व विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या मजुरांची वस्ती वाढली आहे, आणि तिच्यात भाड्याच्या खोल्यांतून भरणाऱ्या छोट्या प्रार्थनासभाही. त्यांना ना बिशप, ना धर्मप्रांताचे दफ्तर, ना वकील. पाळक स्वतः पाळीवर काम करणारा, आणि मुले सभा संपेपर्यंत कोणातरी ओळखीच्याच्या देखरेखीखाली. जुन्या, नोंदणीकृत मंडळ्यांनी या लोकांना तुच्छ लेखू नये, अथवा त्यांच्याविषयी पोलिसांत कागाळ्या करू नयेत. त्यांच्या पाळकांस आपल्या मंडळीच्या कार्यालयात बोलवावे, चारित्र्य पडताळणीचा अर्ज त्यांच्यासोबत बसून भरावा, आणि शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, दौंड व यवत यांपैकी त्यांचे ठाणे कोणते, बाल कल्याण समिती म्हणजे काय, १०९८ हा दूरध्वनी कशासाठी आहे, हे त्यांच्या भाषेत समजावून सांगावे. मे महिन्यात सुट्टीतील बायबल शाळा भरतात. पडताळणीस काही आठवडे लागतात, सबब अर्ज मार्च उलटण्यापूर्वी ठाण्यात रुजू व्हावेत.