बेवारस नव्हे, हरवलेले

रेल्वेच्या व्यवहारात ‘बेवारस’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंना लावला जातो: जिच्यात स्फोटक असल्याचा संशय आहे ती पिशवी, आणि उतरण्याच्या घाईत कुणीतरी रॅकवर विसरून गेले ती पिशवी. ज्या मुंबईने ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांतील सात स्फोट सोसले, तिथे अशा वस्तूला हात लावू नका, असे प्रवाशांना वारंवार बजावणे आवश्यकच आहे. परंतु श्वानपथकाने आणि बॉम्बशोधक पथकाने पिशवी निर्धोक ठरवली की संशय संपतो, आणि त्या क्षणापासून ती कुणाच्या तरी जेवणाच्या डब्याची, औषधांची, प्रमाणपत्रांची किंवा लग्नासाठी नेल्या जाणाऱ्या दागिन्यांची पिशवी असते. तिला वारस असतो. तो केवळ मागच्या एखाद्या स्थानकावर उतरलेला असतो.

या वारसाची वाट प्रथम कायद्यापाशी अडते. रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १०० नुसार, प्रवाशाने स्वतःच्या ताब्यात ठेवलेले सामान हरवले तर रेल्वे प्रशासन किंवा त्याचे कर्मचारी यांचा निष्काळजीपणा अथवा गैरवर्तन सिद्ध झाल्याशिवाय रेल्वेवर भरपाईची जबाबदारी येत नाही. प्रवाशाने कमरेला बांधलेली एक लाखाची रोकड चोरीस गेल्याच्या प्रकरणात जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, प्रवाशाला स्वतःचे सामान सांभाळता आले नाही तर त्यासाठी रेल्वेला सेवेतील त्रुटीचा दोष देता येणार नाही, असाच निर्वाळा दिला. हा न्याय गैर नाही, मात्र तो हरवण्यापुरता आहे. सापडण्याचा न्याय निराळा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम ७१ सांगते की दुसऱ्याची वस्तू सापडल्यावर जो ती आपल्या ताब्यात घेतो, त्याच्यावर विश्वासाने सोपवलेली ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. रेल्वेचा कर्मचारी डब्यातील पिशवी उचलून कार्यालयात आणतो, तेव्हा रेल्वेही याच अर्थाने ठेव सांभाळणारी होते. ती ठेव परत करणे हे उपकाराचे नव्हे, कर्तव्याचे काम आहे.

रेल्वे सुरक्षा दलाने या कामाला दिलेले ‘अमानत’ हे नाव म्हणूनच समर्पक आहे. मराठीतील ‘अनामत’ हा शब्द त्याच अरबी मुळातून आला असून, विश्वासाने ठेवलेली वस्तू हाच त्याचा आशय आहे. जानेवारी २०२२ मध्ये पश्चिम रेल्वेवर सुरू झालेल्या या मोहिमेत सापडलेल्या वस्तूंची माहिती आणि छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवली जाऊ लागली, जेणेकरून प्रवाशाला आपली वस्तू तिथे आहे का हे घरबसल्या पाहता यावे. त्याआधीच्या एका वर्षात, म्हणजे २०२१ मध्ये, याच विभागाने १,३१७ प्रवाशांचे २ कोटी ५८ लाख रुपयांचे सामान पडताळणी करून परत केले होते. जवानांच्या या प्रामाणिक श्रमांचे मोल मोठे आहे. तरीही जाहीर होणारे असे आकडे प्रायः परत केलेल्या वस्तूंचे असतात. एकूण किती सापडल्या, किती जणांनी विचारणा केली आणि कितींचा मालक मिळालाच नाही, हे सोबत सांगितल्याशिवाय व्यवस्थेचे खरे मोजमाप होत नाही.

खरी अडचण उंबरठ्यांच्या संख्येत आहे. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, तर लोहमार्ग पोलीस राज्याचे. विसरलेल्या सामानाचा शोध पहिल्याकडे, चोरीचा गुन्हा दुसऱ्याकडे, आणि सापडलेल्या वस्तूची नोंद कधी स्टेशन मास्तरांच्या वहीत. आपली पिशवी विसरली की चोरीला गेली, हे ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, त्याने कोणते दार ठोठवावे? चोरीच्या बाबतीत कायद्याने वाट थोडी सुकर केली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवण्याची, म्हणजेच ‘झिरो एफआयआर’ची, तरतूद आहे, त्यामुळे नाशिकरोडला गेलेल्या बॅगेची फिर्याद भुसावळला देता येते. विसरलेल्या वस्तूला मात्र अशी हद्द ओलांडणारी नोंद नाही.

उपनगरी लोकलमध्ये तर वेळ हाच मुख्य शत्रू असतो. लोकल स्थानकावर जेमतेम अर्धा मिनिट थांबते आणि शेवटच्या स्थानकावर पोचलेला तोच रेक, म्हणजे डब्यांची तीच जोडणी, काही मिनिटांत दुसऱ्या वेळेची लोकल बनून परत निघते. एकदा असे झाले की ‘सहा वाजताची कल्याण’ ही खूण निरुपयोगी ठरते. गाडीची वेळ, धीमी की जलद, डबा कोणत्या टोकाकडून कितवा आणि रॅक कोणत्या बाजूचा, एवढी माहिती प्रवाशाने तत्काळ १३९ या क्रमांकावर किंवा फलाटावरील जवानाला दिली, तरच पुढच्या स्थानकावर पिशवी उतरवून घेणे शक्य होते. ही चार वाक्ये प्रत्येक डब्यात मराठीत लिहून लावण्यास फारसा खर्च येणार नाही.

हरवलेल्या मोबाइलसाठी देशाने मे २०२३ मध्ये एक सामाईक नोंद सर्वांना खुली केली. पंधरा अंकी ओळख क्रमांकावरून फोन देशभरात कुठेही बंद करता येतो आणि त्याचा माग काढता येतो. पिशवीला असा क्रमांक नसतो, परंतु गाडी, डबा, दिनांक, रंग आणि छायाचित्र एवढ्या खुणा नोंदवून, सर्व विभाग, सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस यांना जोडणारी एकच सार्वजनिक यादी करणे अवघड नाही. मौल्यवान ऐवजाचा तपशील त्यात उघड करू नये, तो मालकानेच सांगून ओळख पटवावी. ज्याला आज मडगावहून मुंबईपर्यंत कार्यालयामागून कार्यालयात विचारत फिरावे लागते, त्याला एका ठिकाणी उत्तर मिळाले पाहिजे. रेल्वे मंत्रालयाने ही यादी तयार करावी, आणि वर्षाअखेरीस परत केलेल्या वस्तूंबरोबर परत न गेलेल्या वस्तूंची संख्याही प्रसिद्ध करावी.