मोठा गोबरा खडपातच राहू दे



दहा-बारा किलोचा गोबरा (मालवणकडे काहीजण हेकरू म्हणतात) गरीला लागला की बोटीवर सगळे खूश. हॉटेलवाला जेटीवर येऊन घेऊन जातो. पण बांगड्याचा हिशेब गोबऱ्याला लावून चालत नाही.

गोबरा आधी मादी असतो. आपल्याकडचा नारिंगी ठिपक्यांचा गोबरा फूटभर झाला की गाबोळी धरतो. पुढे दोन-अडीच फुटांकडे गेला की त्यातले काही नर होतात. म्हणजे खडपातला सगळ्यात मोठा मासा बहुतेक नर. तेच वेचून काढले तर गाबोळी फळणार कशी? उरलेली एखादी मादी नर होते, मान्य, पण तेवढी वाढायला तिला वर्षे लागतात.

त्यात हा फिरणारा मासा नव्हे. कपार धरून बसतो, समोरून मासा-खेकडा गेला की तोंड उघडून आत ओढतो. जागा एकदा जीपीएसवर मारली की एकेक करून सगळे निघतात.

कॅरिबियन समुद्रात लिटल केमन बेटाजवळ २००१ साली गोबऱ्यांची अंडी घालायची जागा सापडली. सुमारे ७,००० मासे होते. दोन हंगामांत ४,००० उचलले. २००३ मध्ये तिथे बंदी आली, तेव्हा कुठे मासा हळूहळू परत वाढला.

"ट्रॉलरवाले खरवडून नेतात, आम्हालाच का सांगता?" असे म्हणाल. अहो, जाळे फाटते म्हणून ट्रॉलर खडपापासून लांबच राहतो. खडपातला गोबरा आपल्याच गरीने जातो.

पकडून सोडू म्हणाल, तर तेही खोल पाण्यात जमत नाही. वर ओढताना पोटातली हवेची पिशवी फुगते, मासा उलटा तरंगतो आणि मरतो. खाडीत मात्र जमते. पिल्ले खारफुटीच्या मुळांत वाढतात. मानशीच्या जाळ्यात वीतभर गोबरा आला तर जिवंत आहे तोवर पाण्यात टाका, त्याला भाव तरी काय येतो?

खोलातल्यासाठी माझे म्हणणे एवढेच: आपण मिळून दोन-तीन खडपे ठरवू, तिथे वर्षभर कोणी गरी टाकायची नाही. कुठली, ते तुम्ही सांगा, जागा तुम्हाला माहीत. ३१ जुलैला बंदी संपायच्या आधी बैठक आहे, त्यात हा विषय घेतोय. ज्यांना पटत नाही त्यांनी तर नक्की या.