हाडाला गेलेला तडा

वडिलांचा घडीचा चाकू गेल्या उन्हाळ्यात कपाट आवरताना सापडला. पाते शाबूत, चाप अजून बोट चेमटेल इतका कडक. पण हाडाच्या मुठीवर मधल्या खिळ्यापासून निघून थेट टोकाला भिडलेली एक भेग. वडील होते तोवर ती नव्हती, हे मी देवासमोर सांगेन. १९५५ साली ते दक्षिण सातारा जिल्ह्यात स्कूल बोर्डाचे शिक्षक म्हणून लागले. (१९४९ साली साताऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळायला १९६० साल उजाडावे लागले.) आमचे मूळ गाव खटाव तालुक्यातले, त्यामुळे पहिल्या पगारातली खरेदी पुसेगावच्या यात्रेत झाली. पुढे पन्नासेक वर्षे तो चाकू सदऱ्याच्या खिशात राहिला. बोरू तासायला, उसाचे कांडे सोलायला, पोरांच्या पायातला काटा काढायला. एवढ्या काळात मुठीला काही झाले नाही. त्यांच्यामागे आम्ही तो मखमली डबीत घालून लोखंडी कपाटात ‘जपून’ ठेवला, आणि तो तडकला.

पहिला सल्ला मिळाला एका दुकानदाराचा. ‘‘हाड ठिसूळच हो. फायबरची मूठ बसवून देतो, पुन्हा बघायला नको.’’ दुसरा चुलत्यांचा : हाडाची वस्तू घरात ठेवायचीच कशाला? या दोन्ही सल्ल्यांशी माझे भांडण आहे.

हाड ठिसूळ असते हे अर्धसत्य. कॅल्शियमचे खनिज आणि प्रथिनांचे चिवट तंतू यांची ती घट्ट वीण असते. जनावराच्या पायाच्या नळीतून मुठीसाठी पट्ट्या काढतात. तंतू लांबीच्या दिशेने धावतात, म्हणून भेगही लांबीतच जाते. हे हाड हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहते. पावसाळ्यात किंचित फुगते, उन्हाळ्यात आकसते. लाकडी दार श्रावणात चौकटीत अडते, तसलाच हा प्रकार. मोकळ्या पट्टीचे त्यात काही बिघडत नाही. मुठीत मात्र ती खिळ्यांनी पत्र्याला जखडलेली असते. आकसायला वाव नसला की ताण सर्वांत दुबळ्या जागी, म्हणजे खिळ्याच्या भोकाशी फुटतो. त्यातून खिळा लोखंडी असला तर गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा अडवतो, आणि आतून पाचर ठोकल्यासारखे हाड उकलतो. चांगला कारागीर म्हणून पितळी खिळा वापरतो आणि शेवटचे ठोके हलक्या हाताने मारतो.

आता आपल्या मुलखाची हवा पाहा. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणात जेमतेम पाचशे. एका जिल्ह्याची ही दोन टोके! आमचे साताऱ्यातले कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले; आषाढात आतले कपडे दमट, वैशाखात पत्रा तव्यासारखा. खिशात होता तेव्हा चाकूला रोज हात लागे, पाते पुसले जाई, खिळ्याशी गंज धरायच्या आत तो दिसे. डबीत ते कोण पाहणार?

चुलत्यांचा सल्ला अधिक जुना आहे. आमची आजी माळकरी. त्या चाकूने चिरलेला आंबा तिला नैवेद्याला चालत नसे. पण गावच्या मंदिरात ज्या तंबोऱ्याच्या सुरावर ती अभंग म्हणे, त्याची घोडी हाडाचीच होती. हे तिला कोणी सांगितले नाही, आणि बरेच झाले.

घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. ती कानशीने कणाकणाने घासून जवारी काढतात, तेव्हा कुठे तंबोरा बोलतो. पूर्वी यासाठी हस्तिदंत आणि सांबरशिंग चाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी ती वाट बंद झाली. चांदोलीच्या जंगलात गळून पडलेले शिंगही आपल्याला उचलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे उरले साधे हाड, आणि ते ओळखणारे हात.

हे हात मिरजेत आहेत, म्हणून मी चाकू घेऊन मिरजेला गेलो. चाकूसाठी सतारीच्या गावी जाणे वाटते तितके विक्षिप्त नाही. मिरजेचे वाद्यकारागीर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय मिळाला. पात्याची आणि तारेची ही एकच गल्ली आहे.

एका म्हाताऱ्या कारागिराने भेगेवरून नख फिरवले आणि म्हणाला, ‘‘हाडाचा दोष नाही साहेब, खिळ्याचा आहे.’’ त्याने गंजलेला खिळा पोखरून काढला, भोक साफ केले, भेगेत पातळ चिकट सोडले, पितळी खिळा बसवला. भेग मात्र दिसतेच. ती घासून घालवली तर मूठ पातळ होईल, म्हणाला. तासाभराचे काम, मजुरी साठ रुपये. इथे कबूल केले पाहिजे, की ‘पन्नास करा’ हे शब्द माझ्याही तोंडून निघून गेले होते.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद आहे. पण ते मानांकन लागते नव्या वाद्याला. जुने वाद्य दुरुस्त करणाऱ्याच्या कामावर कसलाच शिक्का बसत नाही, आणि नव्या वस्तूच्या किमतीवर मान डोलावणारे आपण दुरुस्तीच्या मजुरीवर घासाघीस करतो. वस्तू कशाने मोडते, हे तर रोज मोडकी वस्तू हातात धरणाऱ्यालाच कळते. खिळा कुठला वापरायचा हे नव्या पोराला तोच शिकवू शकतो. अशा तासभराच्या कामावर त्याचे घर चालत नसेल, तर त्याच्या मुलाने हे काम का धरावे? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार दुरुस्ती शिकवतात. सांगली-मिरजेत वाद्यदुरुस्तीचा वर्ग, मानधन देऊन नेमलेल्या कारागिराच्या हाताखाली, का चालू नये? निदान तोवर गिऱ्हाइकाने सांगितलेली मजुरी मुकाट्याने द्यावी.

मी साठच दिले. चाकू आता माझ्या खिशात असतो. आठवड्याला पाते पुसतो, खिळ्याशी तेलाचा थेंब सोडतो. आंब्याच्या दिवसांत तो काढला की घरात कोणीतरी आजीची आठवण काढते, आणि नैवेद्याची फोड अजूनही विळीवरच चिरली जाते.