विकायचीच वेळ आली, तर पहिली गाडी

दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवर, मुरुड, कर्दे, हर्णै, आंजर्ले या गावांत, गेली काही वर्षे अनेक घरांत एक प्रश्न दबक्या आवाजात बोलला जातो. कर्ज हलके करायला काय विकायचे? उत्तरे तीनच असतात. वाडीतले दोन-तीन गुंठे, घरातल्या बाईचे सोने, किंवा दारातली गाडी. आणि बहुतेक वेळा पहिली दोन उत्तरे आधी सुचतात, गाडीचे नाव शेवटी निघते. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. व्याज घराला खाऊ लागले आणि काहीतरी विकणे भागच पडले, तर पहिला क्रमांक गाडीचा. सोने त्यानंतर, आणि जमिनीला तर हातच लावू नये.

हा प्रश्न उधळपट्टीतून आलेला नाही, हे आधी मान्य करायला हवे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले आणि या पट्ट्यातल्या पोफळी, माड, आंब्याची कलमे एका दुपारीत आडवी झाली. सरकारी मदत आधी हेक्टरी ५०,००० रुपये ठरली. इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, त्यांना हेक्टराचा हिशेब बसेना. म्हणून पुढे झाडामागे मदत ठरली, माडाला २५० आणि पोफळीला ५० रुपये. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षे जातात, बाणवली माडाला त्याहून अधिक. म्हणजे उत्पन्न थांबले ते वर्षानुवर्षांसाठी, आणि घरखर्च, शिक्षणे, आजारपणे मात्र चालूच राहिली. मग कुणी पर्यटकांसाठी मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या, कुणी पतसंस्थेचे कर्ज घेतले, कुणी सोने तारण ठेवले. गाडी बहुतेकांची या कर्जांच्या आधीची, किंवा ‘पाहुण्यांची ने-आण होईल’ म्हणून हप्त्यावर आणलेली. त्यामुळे ही चर्चा कुणाच्या चुकीची नाही. आता पुढे काय करायचे, एवढीच आहे.

गाडी विकू नये असे म्हणणाऱ्यांची कारणे विचारात घेण्याजोगी आहेत. म्हणून ती एकेक घेऊ.

पहिले कारण अब्रूचे. ‘दारातली गाडी गेली की गावाला कळते, घर बसले म्हणून.’ गावाला कळते हे खरे. पण मुरुडात दुसरेही कळते. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार लागतो आणि तो परका नसतो. चुलतभाऊ असतो, शेजारी असतो, शाळेतला वर्गमित्र असतो. हप्ते थकले की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याची कारवाई सुरू होते आणि नोटीस त्याच्याही दारी जाते. पोस्टमन त्याच्या पडवीत उभा राहून सही मागतो, आत त्याची बायको विचारते कसले पत्र आले, आणि ज्याने आपल्या शब्दावर सही केली तो माणूस स्वतःच्या घरात खाली मान घालतो. अब्रू जाते ती इथे. गाडी विकून हप्ता भरणाऱ्याविषयी गाव आठ दिवस बोलेल. जामीनदाराला गोत्यात आणणाऱ्याशी पुढची पिढीही बोलत नाही.

आणि ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य निदान मुरुडात तरी जपून उच्चारावे. धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, घरच्यांनाही त्याची झळ पोचली. ते डगमगले नाहीत. आज त्याच गावाला त्यांच्या नावाचा अभिमान आहे. साताऱ्याला परीक्षा द्यायला हा मुलगा मुरुडहून घाट चढून पायी गेला होता, हेही आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. ज्यांचे नाव आपण सांगतो त्यांनी एवढे सोसले, तर शेजाऱ्याच्या दोन प्रश्नांना आपण उत्तर देऊ शकू.

दुसरे कारण सर्वांत वजनदार आहे. ‘रात्री-अपरात्री कुणाला काही झाले तर?’ दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय मुरुडपासून बारा-तेरा किलोमीटर. वाट आसूदच्या वळणांची. पावसाळ्यात अंधार, झाड पडलेले, फोनला रेंज नाही. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. ज्या घरात हृदयविकाराचा, डायलिसिसचा रुग्ण आहे, गरोदर सून आहे, आणि गाडी चालवणारा माणूस बारा महिने घरी आहे, त्या घराने गाडी ठेवावी. तिथे कर्जाला दुसरा मार्ग शोधावा.

पण बाकीच्या घरांत प्रत्यक्ष काय दिसते? मुलगा मुंबईला किंवा पुण्याला. घरी सत्तरीचे आईवडील, दोघांनाही गाडी येत नाही. गाडी खळ्यात ताडपत्रीखाली, वर माडाच्या झावळ्या पडलेल्या. ताडपत्री काढली तर दाराच्या खालच्या कडेला खाऱ्या हवेने आलेला तांबेरा, बोट लावले तर पापुद्रा सुटतो. बॅटरी उतरलेली. शिमग्याला मुलगा आला की शेजारच्या गाडीला वायर लावून सुरू करायची, चार दिवस फिरवायची, परत झाकून ठेवायची. अशी गाडी आजारपणाच्या रात्री कुणाला दवाखान्यात नेणार? त्या रात्री उपयोगी पडतो तो वाडीतला रिक्षावाला, ज्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला असतो, किंवा चार घरे पलीकडचा गाडीवाला, किंवा २०१४ पासून चालू असलेली १०८ ची रुग्णवाहिका. गाडी विकल्यावर त्यातले दहा हजार आजारपणासाठी वेगळे काढून ठेवावेत आणि दोन रिक्षावाल्यांशी आधीच बोलून ठेवावे. झाकलेल्या गाडीपेक्षा ही तजवीज खात्रीची.

तिसरे कारण धंद्याचे. ‘पाहुण्यांना आणायला-सोडायला लागते.’ इथे एकच कसोटी आहे. गाडीने मागच्या वर्षी किती मिळवून दिले, ते वहीत आहे का? गाडीला पिवळी पाटी आहे, परवाना आहे, आणि वहीत मिळकत दिसते, तर ती गाडी म्हणजे धंद्याचे अवजार. ती विकू नये. पण पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीने भाडे घेऊन पाहुणे नेणे कायद्यात बसत नाही. वाटेत अपघात झाला तर खासगी विम्याची कंपनी भरपाईला हरकत घेऊ शकते, आणि आधीच कर्जात असलेल्या घरावर कोर्टाचा दावा येऊन पडतो. शिवाय मुरुडला येणारे बहुतेक पाहुणे पुण्या-मुंबईहून स्वतःच्याच गाडीने येतात. त्यांना आपल्या गाडीचे अप्रूप नसते. त्यांना स्वच्छ खोली हवी असते, गरम पाणी आणि ताटात ताजे मासे किंवा उकडीचा मोदक हवा असतो.

चौथे कारण, ‘आठ लाखांची गाडी चार लाखांना कशी देऊ?’ जीव तुटतो हे स्वाभाविक आहे. पण तोटा विकण्याच्या दिवशी होत नाही. तो आधीच होऊन गेलेला असतो. विम्याच्या नेहमीच्या कोष्टकातच गाडीची किंमत दुसऱ्या वर्षात २० टक्क्यांनी, तिसऱ्यात ३० टक्क्यांनी कमी धरतात आणि पाचवे वर्ष पुरे होता होता ती निम्म्यावर येते. समुद्राकाठी गंज त्यात भर घालतो. आज चार लाख मिळत असतील तर पुढच्या वर्षी तेवढे मिळणार नाहीत. थांबून किंमत वाढेल अशी ही वस्तू नव्हे.

पाचवे कारण, ‘गाडी विकून सगळे कर्ज थोडेच फिटणार?’ नाही फिटणार. तरी आकडा मांडून पाहावा. पतसंस्थेचे सहा लाख १४ टक्क्यांनी आहेत असे धरू. वर्षाचे व्याज ८४,००० रुपये. गाडीचे चार लाख त्यात भरले तर उरलेल्या दोन लाखांचे व्याज २८,०००. वर्षाला ५६,००० रुपये वाचले. विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून २५,००० धरू, आणि गाडीची किंमत वर्षात किमान ४०,००० नी उतरते असे धरू. पेट्रोल न मोजताही गाडी दारात उभी ठेवण्याची किंमत वर्षाला १,२१,००० रुपये झाली, म्हणजे महिन्याला दहा हजारांवर. तेवढ्यात दापोलीच्या किती खेपा स्पेशल रिक्षाने होतील, ते ज्याने त्याने आपल्या गावच्या दराने मोजावे. एसटी तर आहेच. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी पार केलेल्यांना ती मोफत आहे आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात. एसटी वेळेवर येत नाही ही तक्रार खरी आहे. पण कर्जाचे व्याज मात्र दररोज वेळेवर चढते.

आता शेवटचे कारण. ते कुणी मोठ्याने बोलत नाही, पण तेच सर्वांत जास्त चालते. ‘गाडी राहू दे, सोने ठेवू. नाहीतर मागचे दोन गुंठे देऊन टाकू.’

सोन्याचे आधी. घरातल्या बाईच्या पाटल्या आणि मंगळसूत्र बँकेच्या तिजोरीत जातात आणि पुरुषाची गाडी दारात राहते, हे मला मुळीच पटत नाही. तिच्या अंगावरचे स्त्रीधन तिचे आहे, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नेही ते तिच्या पूर्ण मालकीचे मानले आहे. तिने मनापासून दिले तर गोष्ट वेगळी. पण तिला विचारण्याआधी गाडीची किल्ली टेबलावर ठेवावी. स्त्रियांना शिकवून पायावर उभे करण्यात ज्यांनी हयात घालवली, त्या कर्व्यांच्या गावात हे सांगावे लागू नये.

आणि जमीन. मुरुडची रचना डोळ्यांसमोर आणा. एक लांबलचक रस्ता, दोन्ही अंगांना घरे, आणि समुद्राकडच्या घरांच्या मागे थेट पुळणीपर्यंत गेलेल्या वाड्या. त्या गुंठ्यांना आज बाहेरचा माणूस मागाल ती किंमत देतो, म्हणूनच मोह होतो. पण एकदा विकलेला तुकडा परत आपल्या ऐपतीत येत नाही. त्याच्याबरोबर विहिरीची वाट जाते, पाटाचे पाणी जाते, पुळणीवर उतरायची आपली पायवाट जाते, पाहुणे ज्यासाठी येतात ती सावलीही जाते. म्हणजे कर्ज फेडायचे जे साधन, तेच हातचे निसटते. वादळाने झाडे नेली तरी जमीन ठेवली होती, तिच्यात पुन्हा श्रीवर्धनी सुपारी लावता आली, माड लावता आले. चार चाकांसाठी ती देणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

मग विकायची कशी, तेही नीट सांगायला हवे, कारण घाईत विकलेली गाडी नवे संकट आणते.

गाडीवर अजून बँकेचा बोजा असेल तर आधी बाकी रक्कम लेखी मागावी. मुदतीआधी फेडण्याचा आकार किती लागेल तेही विचारावे. मिळणारी किंमत बाकीपेक्षा कमी असेल तर विक्री उपयोगाची नाही. फरक खिशातून भरावा लागेल आणि दुसरे कर्ज तसेच राहील. बाकी फिटली की बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवावा. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी खरेदीदाराच्या नावावर चढेपर्यंत पाठपुरावा करावा. भाच्याला किंवा ओळखीच्याला विकली म्हणून कागद तसेच ठेवायची आपल्याकडे सवय आहे. ती घातक आहे. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. गाडी चार हात फिरली असली तरी.

पैसे हातात आले की त्याच दिवशी कर्जखात्यात भरावेत आणि पावती घ्यावी. ते ‘तात्पुरते’ बचत खात्यात ठेवले की बारसे, पूजा, गच्चीची गळती यांत विरघळतात. आणि कोणते कर्ज आधी फेडायचे, हे व्याजाचा दर पाहून ठरवावे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला अगदी कमी व्याजाने पडते, ते शेवटी. पतसंस्थेचे, सावकाराचे, क्रेडिट कार्डाचे सर्वांत आधी. हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करून मागावी, म्हणजे व्याज खरे वाचते.

आणि हे लवकर करावे. ‘गणपती होऊ देत, शिमगा होऊ दे, आंब्याचे पैसे येऊ देत’ म्हणता म्हणता दोन वर्षे जातात. तोवर गाडीची किंमत उतरते, थकबाकी चढते, आणि शेवटी विकायची वेळ येते तेव्हा भाव घेणाराच ठरवतो. आपल्या मर्जीने, चार ठिकाणी विचारून विकलेल्या गाडीला जो दर मिळतो, तो अडलेल्या माणसाला मिळत नाही.

पुढच्या सणाला घरचे सगळे एकत्र असतील तेव्हा गाडीचा, सोन्याचा आणि जमिनीचा विषय एकाच बैठकीत काढावा. घरातल्या बायकांना आणि आईवडिलांना त्या बैठकीत बसवावे. कर्जाचे आकडे व्याजासकट कागदावर मांडावेत, गाडी वर्षात किती दिवस चालली ते लिहावे. गेलेली जमीन परत मिळत नाही, मोडलेले दागिने तसेच परत घडत नाहीत, तुटलेला जामीनदार पुन्हा सही करत नाही. गाडी मात्र चार वर्षांनी, वाडी धरू लागल्यावर, हप्त्याशिवाय रोखीने पुन्हा घेता येते. म्हणून विकायची तर गाडी विकावी, आणि ती ताठ मानेने विकावी.